धाकटा पडदा

मराठीत 'छोटा पडदा' म्हटलं की दूरचित्रवाणी डोळ्यांपुढे येते. आज मी ज्या पडद्याबद्दल बोलणार आहे तो खरोखरीच छोटा आहे. काडेपेटीएवढा. घरी बांधलेल्या आर्केड कॅबिनेटला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या उभ्या कपाटाला, मोठ्या पडद्याच्या जोडीला लावायचा हा धाकटा पडदा. कवीला हा विषय कुणी दिला, असं तुम्ही मनात म्हणाल. पण दोन ओळींत काय सांगायचं आणि काय गाळायचं, हाच या पडद्याचा सगळा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न आमच्या धंद्यातलाच म्हणायचा.

आधी या कपाटाची ओळख करून घेऊ. तुमच्यापैकी ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लर पाहिलं असेल त्यांना ते आठवेल. पुरुषभर उंचीचं लाकडी खोकं, आत काचेचा जाड टीव्ही, पुढे दांडा आणि बटणं, डोक्यावर आतून उजळणारी रंगीत पाटी. १९७२ साली अमेरिकेत 'अटारी' कंपनीचा 'पाँग' आला, १९७८ साली जपानच्या 'टायटो'चा 'स्पेस इन्व्हेडर्स', १९८० साली 'नामको'चा 'पॅक-मॅन'. आपल्याकडच्या पार्लरांत मात्र जो खेळ दंतकथा होऊन बसला तो 'कॅपकॉम'चा, १९९३ सालचा. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. हे नाव पार्लरमध्ये कुणी उच्चारलेलं माझ्या कानावर तरी आलेलं नाही. त्या खेळातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, म्हणून पोरांनी अख्ख्या खेळालाच 'मुस्तफा' करून टाकलं. "मुस्तफा लाव" म्हटलं की मालकाला कळायचं. हे बारसं कंपनीनं केलेलं नव्हतं, लोकांनी केलं. पुढे हा मुद्दा लागणार आहे, लक्षात असू द्या.

पार्लरं बंद पडली, पण खेळ गेले नाहीत. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं 'मेम' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. जुन्या यंत्राच्या सर्किटाची हुबेहूब नक्कल संगणकात करायची आणि त्या नकलेत मूळ खेळ चालवायचा, ही तिची युक्ती. २०१२ साली ब्रिटनमध्ये 'रास्पबेरी पाय' हा तळहातावर मावणारा स्वस्त संगणक आला. या दोन गोष्टींमुळे घरगुती कपाट कुणाच्याही आवाक्यात आलं. आमच्या घरातलं माझ्या पुतण्यानं बांधलं. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, ओळखीचा सुतार, एक जुना मॉनिटर आणि आत तो पाय. खेळांच्या फाइलींवर मूळ कंपन्यांचा हक्क असतो, तेव्हा त्या रीतसर मिळवाव्यात, एवढं सांगून पुढे जातो.

आता एक पडदा असताना दुसरा कशाला? हा विचार नवा नाही. 'निन्टेंडो'नं १९८२ साली 'गेम अँड वॉच'च्या मालिकेत दोन पडद्यांचे हातातले खेळ काढले. १९८४ साली त्यांच्याच 'पंच-आउट' या मुष्टियुद्धाच्या कपाटात एकावर एक दोन टीव्ही होते: खाली मारामारी, वर दोघांच्या तसबिरी, गुण आणि घड्याळ. मला त्याहून मोलाचं वाटतं ते १९८६ चं 'प्लेचॉइस-टेन'. त्यात नाणं टाकून तुम्ही डाव विकत घेत नव्हता, वेळ विकत घेत होता. दोन पडद्यांच्या कपाटात खाली खेळ चालायचा आणि वरच्या पडद्यावर दहा खेळांची यादी, खेळायच्या सूचना आणि उरलेला वेळ. पिनबॉलच्या यंत्रांनी १९९१ साली आकड्यांच्या जागी ठिपक्यांचा पडदा घेतला, १२८ बाय ३२ ठिपक्यांचा, आणि चेंडू अडकलेला असताना त्यावर छोट्या छोट्या चित्रकथा दाखवल्या.

या सगळ्यांत एक समान सूत्र आहे. खेळणाऱ्याचा डोळा खालच्या पडद्यावरून हलायला तयार नसतो. तो हलतो फक्त उसंत मिळते तेव्हा: डावाआधी, दोन फेऱ्यांच्या मध्ये आणि हरल्यावर. दुसऱ्या पडद्यानं बोलायचं ते याच वेळी. तबलजी समेवर येतो तसं. खेळ रंगात असताना त्यानं हलतं चित्र दाखवलं तर तो मदतनीस न राहता आगाऊ पाहुणा होतो.

यावरून आमच्या घरात बराच वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, "चाचा, एवढी जागा मिळाली आहे तर घड्याळ दाखवू, संगणकाचं तापमान दाखवू, क्रिकेटचा स्कोअरही आणता येईल." येतो खरा. पण आणता येतं म्हणून आणायचं, या न्यायानं आपल्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचण्यापलीकडे गेली आहे. शेवटी ठरलं ते असं: खेळ निवडताना खेळाचं नाव आणि बटणांची एक ओळ, खेळ चालू असताना काळोख, खेळ संपला की खेळणाऱ्याचं नाव आणि घरातला सर्वोच्च गुण. बस.

वस्तूबद्दल थोडं. या कामाला सोयीचा पडदा म्हणजे ओलेड. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागून दिवा लागत नाही, म्हणून विझलेला पडदा खरोखर काळा दिसतो. बाजारात सगळ्यांत जास्त दिसतो तो ०.९६ इंची, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. हिशेब केला तर अशा पडद्यावरचं एक पूर्ण चित्र फक्त १०२४ बाइटांत मावतं. 'स्पेस इन्व्हेडर्स'चा अख्खा पडदा २२४ बाय २५६ ठिपक्यांचा होता आणि त्याला सात किलोबाइट लागत, म्हणजे आपला धाकटा त्याच्या सातव्या हिश्शाएवढा. तितकेच ठिपके असलेला २.४२ इंची पडदाही मिळतो. तोच घ्यावा, असं माझं मत आहे. कारण लगेच सांगतो.

जोडणी चार तारांची. एक विजेची, एक ग्राउंडची, एक माहिती नेणारी आणि एक ठेका धरणारी. ठेक्याच्या प्रत्येक मात्रेला माहितीचा एक कण पलीकडे जातो. आयटूसी नावाची ही पद्धत 'फिलिप्स' कंपनीनं १९८२ साली काढली. रास्पबेरी पायच्या चाळीस पिनांपैकी पहिली ३.३ व्होल्टची, तिसरी माहितीची, पाचवी ठेक्याची आणि सहावी ग्राउंडची. चारही एका कोपऱ्यातच आहेत. मोठे पडदे पुष्कळदा एसपीआय या दुसऱ्या पद्धतीनं जोडलेले येतात, त्यांना तारा जास्त लागतात, तेव्हा घेताना विचारून घ्यावं. सांभाळायचं ते एवढंच की माहितीच्या तारेवर पाच व्होल्ट जाऊ देऊ नयेत, पायच्या पिनांना ते सोसत नाहीत. आणि तारा वीतभरच ठेवाव्यात. ही पद्धत एकाच पाटीवरच्या दोन चिपांनी आपसात बोलावं म्हणून जन्मली आहे. तारा कपाटभर फिरवून स्पीकरच्या शेजारून नेल्या तर ठेका चुकतो आणि पडद्यावर कचरा दिसतो.

पडद्याला कळणार कसं, कुठला खेळ लागला ते? 'रेट्रोपाय' नावाच्या मांडणीत खेळ सुरू होताना आणि संपताना आपली एक फाइल चालवण्याची सोय आहे. त्या फाइलीला खेळाच्या फाइलीचं नाव कळवलं जातं. पण ते नाव असतं यंत्राच्या सोयीचं. 'कॅडिलॅक्स'चं आहे नुसतं 'डिनो'. म्हणून आपण शेजारी एक साधी यादी ठेवायची: डावीकडे यंत्राचं नाव, उजवीकडे आपलं. तिथं डिनोच्या पुढे मी 'मुस्तफा' लिहिलं. लोकांनी केलेलं बारसं पहिल्यांदाच त्या कपाटावर अधिकृतपणे लागणार होतं.

आणि इथंच खरी गंमत सुरू होते, कारण यंत्राला देवनागरी लिहिता येत नाही. म्हणजे अक्षरं येतात, लिहिणं येत नाही. जुन्या खेळांतली रोमन अक्षरं आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसायची. देवनागरीला शिरोरेषा आहे, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. तीन मजली घर आहे हे. आठ ठिपक्यांत ते उभं राहत नाही, सोळांत दाटीवाटीनं राहतं, चोवीसांत मोकळा श्वास घेतं. चौसष्टांत चोवीसाच्या दोन ओळी बसतात आणि सोळाची एक पट्टी उरते, तिथं गुण. ०.९६ इंची पडद्यावर ही चोवीस ठिपक्यांची ओळ जेमतेम चार मिलिमीटर उंच होते, २.४२ इंचीवर एक सेंटिमीटर. दोन हातांवरून उभ्यानं वाचायचं असेल तर मोठाच हवा, तो यासाठी. टंक जाड घ्यावा. ठिपका एकतर उजळतो किंवा विझतो, मधली छटा नाही, त्यामुळे बारीक रेघा तुटतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हा मुक्त परवान्याचा टंक आहे, त्याचं ठळक वळण या पडद्यावर चांगलं उठतं.

पण टंक चांगला असून भागत नाही. संगणक 'कि' साठवतो तो आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी, असा. दाखवताना वेलांटी आधी यायला हवी. जोडाक्षरांचं तसंच: स, मग पायमोड, मग त, यांचा मिळून एक 'स्त' घडवायला हवा. हे घडवणारा कुणी मध्ये नसेल तर वेलांटी उलट्या बाजूला जाऊन बसते आणि आमचा मुस्तफा पाय मोडलेला स घेऊन उभा राहतो. पायथन भाषेत चित्रं काढण्यासाठी 'पिलो' नावाचं साधन वापरतात. त्याची साधी पद्धत अक्षरं नुसती ओळीनं मांडते. तिला 'रक्म' नावाच्या ग्रंथालयाची जोड द्यावी लागते आणि ते ग्रंथालय आतून 'हार्फबझ'ची मदत घेतं. ही दोन नावं ऐकून मी हरखलोच. 'हार्फबझ' हे फारसीतून आलेलं नाव; 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुला. 'रक्म' हा अरबी शब्द, लेखन आणि आकडा या दोन्ही अर्थांचा. आपली मराठी 'रक्कम' याच घराण्यातली. म्हणजे मराठी जोडाक्षर नीट जुळावं म्हणून जे दोन कारागीर राबतात, त्यांची नावं आपल्या दप्तरात आणि बाजारात शतकानुशतकं वावरलेल्या शब्दांची भावंडं निघाली. शब्दांचे पाहुणे कुठून कुठे येतात, हे शोधण्यासारखी चैन नाही.

आता नावांचा प्रश्न. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये सर्वोच्च गुण दिसायचा, पण वीज गेली की पुसला जायचा. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये गुणांपुढे तीन आद्याक्षरं लिहिता येऊ लागली. तेव्हापासून कपाटांवर माणसाचं नाव म्हणजे तीन रोमन अक्षरं, असा रिवाजच पडला. इंग्रजी नावांना ते चालून जातं. नाव, मधलं नाव, आडनाव यांची आद्याक्षरं घातली की झालं. आमची भाची मराठी शाळेत चौथीत आहे. एका सुट्टीत तिनं घरातल्या सगळ्यांना मागे टाकलं, दांडा फिरवून तीन अक्षरं घातली आणि मग पडद्याकडे बघत म्हणाली, "मामू, हे माझं नाव नाही ना." तिच्या नावाला शाळेच्या हजेरीत तीनच अक्षरं लागतात.

मग मी मोजत बसलो. समीर, सलमा, माधव, गणेश, सुनीता, शबाना, सुमैया, क्षितिज, मुस्तफा. सगळी तीन अक्षरी, आणि एकही अर्धवट नाही. रोमनच्या तीन अक्षरांत नावाचा नुसता शेंडा मावतो, देवनागरीच्या तीन अक्षरांत आख्खं माणूस मावतं. कपाटाचा जुना रिवाज न मोडता आपल्याला पुरं नाव मिळू शकतं. दोन अक्षरी आमिर आणि रेश्मा यांची तर जागाच उरते. (आमिरला तीन लागतात म्हणाल, तर मोजून पाहा: आ, मि, र. खरंच तीन आहेत. रेश्माची मात्र दोनच.) लांब नावांनी घरातलं हाकेचं नाव लावावं, नाही तरी खेळताना त्याच नावानं ओरडतात.

पण 'तीन' म्हणजे काय, हे यंत्राला समजवावं लागतं. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, पायमोड हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'सुमैया' त्याला सहा वाटतात, 'मुस्तफा' सात. त्याला सांगितलं की तीन घे, तर सुमैयाची 'सुम' होते, शबानाची 'शबा', मुस्तफाचा 'मुस' आणि क्षितिजचा नुसता 'क्ष' उरतो. बँकेच्या किंवा निवडणुकीच्या यादीत ज्यांची नावं अशी कापली गेली आहेत त्यांना यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. नाव कापलेला माणूस पुढे कुठल्या तरी खिडकीवर 'हा मीच' असं सिद्ध करत उभा असतो.

यावर उपाय म्हणून युनिकोडनंच एक नियम केलेला आहे, वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते एकत्र धरण्याचा. गंमत अशी की तो नियमही बरीच वर्षं आपलं जोडाक्षर फोडत होता: मु, मग पायमोडका स, मग त, मग फा, असे चार. देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरणारा नियम २०२३ च्या सप्टेंबरात, १५.१ या आवृत्तीत आला. तुमच्या संगणकातलं साधन त्याआधीचं असेल तर ते अजून चारच मोजेल. 'मुस्तफा' लिहून बघावं. तीन आले तर नवं, चार आले तर जुनं. जुनं असेल तर पायमोडानंतरचं व्यंजन मागच्याला जोडण्याची दोन ओळींची तजवीज आपणच करायची.

उरलं ते नाव घालायचं कसं. कळफलक नाही, फक्त दांडा आणि बटणं. रोमन खेळांत दांडा वर-खाली केला की अक्षर बदलतं. आपल्याकडे याहून चांगली सोय फार पूर्वीच झालेली आहे, तिचं नाव बाराखडी. दांडा वर-खाली केला की व्यंजन बदलतं: क, ख, ग. डावी-उजवीकडे केला की स्वर बदलतो: का, कि, की, कु. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता जसाच्या तसा दांड्याखाली येतो. शाळेत आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी शिकवतात, तेव्हा आडव्या ओळीत चौदा घरं ठेवली. एक बटण अक्षर अर्धं करण्यासाठी, दुसरं पक्कं करण्यासाठी. हे सगळं धाकट्या पडद्यावर चालतं. मोठ्या पडद्याला याचा पत्ताही नसतो, तो आपली तीन रोमन अक्षरं मागत राहतो. त्याला पुतण्या काहीतरी घालून वाटेला लावतो आणि खरी वही धाकट्याकडे. गुण मात्र खेळातूनच उचलावे लागतात. सर्वोच्च गुण स्मृतीत कुठल्या घरात ठेवला आहे ते प्रत्येक खेळात वेगळं असतं आणि 'मेम'साठी लोकांनी त्याची एक लांबच लांब यादी वर्षानुवर्षं खपून केलेली आहे. तिच्या आधारानं हे जमतं. ज्या खेळाची नोंद त्यात नाही, त्याचा गुण नावासारखाच दांड्यानं घालायचा.

पडदा बसवायचा कुठं, तर मोठ्या पडद्याच्या खाली आणि दांड्याच्या वर, जी आडवी पट्टी असते तिच्यात. डोक्यावरच्या पाटीत बसवला तर मुलांना मान वर करावी लागते. खाच पडद्याहून किंचित लहान कापावी आणि पुढून धुरकट ॲक्रिलिक लावावं, म्हणजे विझल्यावर तिथं काही आहे असं दिसतही नाही. ओलेडचे ठिपके वापरानं मंदावतात. एकच मजकूर महिनोन् महिने एकाच जागी ठेवला तर त्याची सावली कायमची उमटते. म्हणून उजेड निम्म्यावर ठेवावा, आणि कुणी समोर नसेल तर दोन मिनिटांनी पडदा विझवावा. खेळ चालू असताना काळोख ठेवायचा आमचा निर्णय याही कारणानं बरा ठरला, हे पुतण्यानं नंतर मान्य केलं.

एक शेवटचं काम या पडद्याला द्यायला हवंच. हा संगणक थेट बटण दाबून बंद केला तर त्याच्या मेमरी कार्डावर लिहिणं अर्धवट राहतं आणि कधी कधी कार्डच खराब होतं. मग नावांची वहीही जाते. तेव्हा आधी बंद करण्याची आज्ञा द्यायची, पायवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबायचं आणि मग वीज. पण तो दिवा असतो कपाटाच्या पोटात, पाठीमागच्या दाराआड. म्हणून आज्ञा दिल्यावर धाकटा पडदा उजळतो, त्यावर 'थांबा, वही लिहितोय' एवढं येतं, आणि पडदा काळा झाल्यावर मनात दहा मोजून कुणीही भिंतीवरचं बटण बंद करावं. हे मोजायचं काम सध्या भाचीकडे आहे.